टाकीवरची झीज

जुनी करिझ्मा बघायला बुलढाण्याला गेलो. हीरो होंडाने ती २००३ साली आणली. २२३ सीसीचं इंजिन, तेव्हाच्या पोरांचा जीव टांगणीला लावणारं. आता ती परवडते, पण गुडघे कुरकुरतात.

आधी इंजिनला हात लावला. थंड होतं, बरं वाटलं. गरम असतं तर आधीच चालू करून स्टार्टिंगचा त्रास लपवलाय, अशी शंका आली असती. चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिला. फोर्कच्या सीलपाशी तेलाचा ओलावा, चेनस्प्रॉकेटचे दात झिजलेले. धूर मात्र निळा नव्हता, म्हणजे ऑइल जळत नाही.

टाकीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे टेकतात तिथे, रंग पुसट झालेला. कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या बसण्याचा तो ठसा. त्यावर बोट फिरवताना ओशाळल्यासारखं झालं. जणू दुसऱ्याची डायरी चाळतोय. गाडी विकणारा मुलगा म्हणाला, "काका, बाबांची गाडी आहे." का विकताय, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

राजूर घाटात चढावर तिने तक्रार केली नाही. वळणावर हँडल थोडं अडखळलं, बॉल रेसर बदलावे लागतील. तेवढे पैसे कमी करून घेतले. भावनेपोटी घासाघीस सोडू नये, असं माझं मत.

आरसीवर नाव बदलेपर्यंत सरकारदरबारी मालक जुनाच राहतो. म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही फॉर्म २९ आणि ३० उद्यावर टाकू नयेत.