एका पंगतीतले दोघे

स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही दोघे भाऊ पिंपळगाव बसवंतला घरीच होतो. थोरला सहा वर्षांनी लंडनहून आला होता आणि धाकट्याची द्राक्षबाग छाटणीला आली होती. आठवणी काढायला बसलो खरे, पण बोलणे सारखे ताटाकडे वळत राहिले. कारण त्याच सकाळी दोघांनी उपाशीपोटी बोटाला सुई टोचून साखर मोजली होती. धाकट्याची अधिक भरली.

आपल्या वसतिगृहात आम्ही सात वर्षे एका पंगतीत जेवलो. बाजरीची भाकरी, हुलग्याचे पिठले, कांदा, कधी मटकीची पातळ उसळ. खीर फक्त पौर्णिमेला. संध्याकाळचे जेवण दिवेलागणीला उरके आणि त्यानंतर सकाळपर्यंत पोटात काही जात नसे (पेटीत लपवलेल्या शेंगदाण्यांची गोष्ट वेगळी, ती गुरुजींना आजही सांगणार नाही). आम्ही दोघेही इतके किडकिडीत की कबड्डीच्या संघात कोणी घेत नसे. आपल्याला कधी स्थूलतेचा आजार होईल, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

थोरला १९९९ मध्ये लंडनला गेला. विमानतळाजवळच्या गोदामात रात्रपाळी मिळाली. पहिली काही वर्षे मायदेशी पैसे पाठवायचे म्हणून जादा तास केले. जेवण मोटारीत, पहाटे तीन वाजता, बटाट्याचे काप आणि बिस्किटे. शरीर रात्री साखर नीट हाताळत नाही, हे पुष्कळ उशिरा कळले. एकटेपण होतेच. पुढे संसार झाला, मित्रपरिवार जमला आणि एक निराळीच गोष्ट घडली. परदेशी अन्नाने नव्हे, तर आपल्याच अन्नाने घात केला. गावी जे पदार्थ वर्षातून दोनदा होत, ते तिथे दर शनिवारी होऊ लागले. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, तिथले सण तर सणासारखेच होत. परंतु आम्ही मित्रांनी घरोघरी स्वतःचे सण काढले. श्रीखंड, पुरणपोळी, तळलेले सारे. मायदेशाची आठवण आली की तूप वाढायचे. भाकरीची आठवण मात्र कोणालाच होत नसे, कारण ती थापायला वेळ लागतो.

२०१६ च्या जानेवारीत, पंचेचाळिसाव्या वर्षी, थोरल्याला हृदयविकाराचा झटका आला. छातीत नव्हे, जबड्यात आणि डाव्या हातात कळ आली. पित्त समजून तो सोडा पीत बसला. वहिनींनी रुग्णवाहिका बोलावली म्हणून आज हे लिहिता येत आहे. बंद पडलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. आईला अकरा दिवस आम्ही सांगितले नाही. कामासाठी दुसऱ्या गावी गेलाय, असे धाकटा म्हणत राहिला. आईने बाराव्या दिवशी विचारले, "खरं सांग, तो जेवतो का?" मग सांगावेच लागले.

तेथील डॉक्टरांनी सांगितले की सख्ख्या भावाचीही तपासणी करून घ्या. धाकट्याने नाशिकला रक्त दिले. उपाशीपोटी साखर दोनशे दहा. त्याने तर कधी विमानही पाहिले नव्हते.

हे कोडे सोडवताना आम्ही बरेच वाचले. १९९५ मध्ये पश्चिम लंडनमध्ये राहणारे पंजाबी स्थलांतरित आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडे यांची तुलना प्रसिद्ध झाली होती. लंडनकरांचे वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर भावंडांपेक्षा जास्त निघाली. लायपोप्रोटीन-ए नावाचा रक्तातला घटक, जो मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतो, तो मात्र दोन्हीकडे सारखाच होता आणि युरोपीय लोकांपेक्षा अधिक. म्हणजे शिदोरी घरचीच. नव्या देशाने तीत भर घातली.

या शिदोरीचा शोध पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी घेतला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपले बाळ लहान, त्याचे स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. याज्ञिकांनी पुढे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच मोजमाप छापले: दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. ही चरबी पोटात, यकृताभोवती साचली की इन्शुलिनचे काम अडते, आणि पुढची वाट मधुमेहाकडे व हृदयाकडे जाते. वसतिगृहातले आमचे काटकुळे हातपाय आम्हाला फसवत होते. दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरत्र एकोणसाठाव्या. थोरल्याने त्यातही घाई केली.

मग धाकट्याचे काय? त्याच्याकडे नवा देश चालत आला. बागेत जायला मोटारसायकल, फवारणीला ट्रॅक्टर, हंगामात टोमॅटो घेऊन बाजार समितीत पहाटे रांग आणि रांगेत वडापाव व दोन गोड चहा. बाजरी घरातून कधी गेली, हे त्याला सांगता येत नाही.

एक अभ्यास मात्र आम्हाला अजून स्वस्थ बसू देत नाही. कॅलिफोर्नियात गेलेल्या जपानी पुरुषांविषयीचा तो निष्कर्ष १९७६ साली आला. ज्यांनी आपल्या समाजाशी, चालीरीतींशी घट्ट नाते ठेवले, त्यांच्यात हृदयविकार जवळजवळ जपानइतकाच कमी होता. जे नव्या रीतीत पुरते मिसळले, त्यांच्यात तो तीन ते पाच पट. आणि आहार, धूम्रपान, रक्तदाब हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडला नाही. आमचेही संबंध घट्टच होते, दर शनिवारी होते. तरीही झटका आला. तेव्हा एकत्र येणे पुरेसे नसावे. एकत्र येऊन आपण काय करतो, हे पाहावे लागेल, असे थोरल्याला वाटते. धाकट्याला वाटते की पंगतीत वाढणारा एक आणि जेवणारे पन्नास असले की ताटाला आपोआप मर्यादा पडते. घरी वाढणारा आणि जेवणारा एकच. यावर आमचे एकमत झालेले नाही.

थोरला आता रविवारी दोन स्टेशने अलीकडे उतरून किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरच्या घरापर्यंत चालत जातो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत. अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला त्या दारापाशी, भरल्या पोटाने आजारी पडलेला माणूस घाम पुसत उभा राहतो. धाकटा बागेला पायी जातो आणि बायकोशी भांडून बाजरी पुन्हा घरी आणली आहे.

मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी आम्ही मोजपट्टी आणि साखर मोजण्याचे यंत्र घेऊन बसणार आहोत. पुरुषांची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ऐंशीच्या वर गेली असेल, तर पोट आत ओढू नका. आम्हीही ओढून पाहिले आहे. नाश्त्याआधी या.