कावळ्याच्या वजनाने

ती त्या महिन्यात कुर्म्यात गेली नाही. एवढीच गोष्ट मला सुचली आहे. बाई मनातली, गाव एटापल्ली-भामरागड पट्ट्यातल्या कुठल्याही माडिया गावासारखं. पाळी आली की वस्तीच्या कडेला असलेल्या कुर्माघरात जाऊन राहायचं, चुलीला शिवायचं नाही, पुरुषाला शिवायचं नाही. ही घरातच झोपली. पुढे?

पुढे बैल मरेल. नाहीतर धान गर्भात असताना पाऊस ओढ देईल. मला दुसरं काही सुचतच नाही. बैल जगला तर गोष्ट खोटी वाटते, म्हणजे मारायची घाई गावाआधी मलाच आहे.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. म्हण कावळ्याच्या बाजूची आहे. पण कावळ्याचं वजन ते किती! तेवढ्याने तुटणारी फांदी आतून केव्हाच पोखरलेली असणार. तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि कावळ्याला निर्दोष ठरवायला म्हण लागली, याचा अर्थ पहिला संशय त्याच्यावरच गेला होता. तो बसलाच नसता तर? फांदी तुटलीच असती, आणि आपण झाडाखालून कोण गेलं याची चौकशी केली असती.

शिवाय नेमका कावळाच का? चिमणीही बसते फांदीवर. आमच्या घरी आई कोपऱ्यात वेगळी बसली की आम्हा पोरांना ‘कावळा शिवलाय’ एवढंच सांगायचे. मी त्या रागाने अंगणातल्या कावळ्यांना दगड मारायचो. ते बिचारे उडून पुन्हा कौलांवर बसायचे. पुढे आजीच्या दहाव्याला त्याच जातीच्या पाखरापुढे सगळं घर हात जोडून उभं राहिलं. ये बाबा, शीव एकदाचा. तो येईना. मग कुजबूज सुरू झाली, आजीचं काय राहिलं, कोणी तिला दुखावलं. धाकट्या काकूकडे नजरा वळल्या. कावळा शिवला तरी बाईच बाजूला, नाही शिवला तरी बाईच. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. काकूकडे वळलेल्या नजरा मात्र कोणी परत घेतल्या नाहीत.

हे सगळं घरगुती झालं. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा गावात एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आलं. त्याआधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीचा आळ घेऊन दलित वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही भर चौकात बांधून मारहाण केली. जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे. त्या माणसांनी तर काही मोडलंही नव्हतं. माझ्या बाईने निदान काहीतरी मोडलंय.

कुर्माघरांची प्रथा बंद करा, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१५ मध्ये राज्य सरकारला सांगितलं. प्रथा राहिली. नंतर एका संस्थेने काही गावांत पडक्या झोपड्यांच्या जागी पक्की घरं बांधली. दार, खाट, संडास, दिवा. यामुळे प्रथाच पक्की होते, असा आक्षेप आला आणि मला तो पटलाही. पण पावसाळ्यात गळक्या छपराखाली, सापाच्या भीतीने जागी राहणाऱ्या पोरीला ‘प्रथा मोडेपर्यंत थांब’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

फक्त एक अडचण वाढली आहे. पूर्वी माझ्या बाईला म्हणता आलं असतं, तिथे साप आहेत, तिथे पाणी गळतं. आता गाव विचारेल, सगळं तर आहे तिथे, मग हिला जायला काय झालं होतं? तिच्या वतीने मी उत्तर शोधतो आणि अडखळतो. ‘जायचं नव्हतं’ एवढंच तिने म्हटलं, तर गावाला ते पुरणार नाही हे उघड आहे. मला तरी पुरेल का, ते सांगता येत नाही.