बोट लागणे

मराठीत बोट दोन प्रकारे लागते : धक्क्याला आणि माणसाला. मुंबई-गोवा क्रूझची तिकिटे काढली तेव्हा आम्हांला धास्ती होती ती दुसऱ्या प्रकाराचीच. बरोबर आत्या होती, वय वर्षे ८४. ती स्वतःहून 'येते' म्हणाली, याचेच नवल वाटले होते.

खरे तर या सहलीमागचा आमचा हेतू फारसा निर्मळ नव्हता. डेव्हिड फॉस्टर वॉलेसने १९९५ साली फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून आठवडाभराची क्रूझ केली आणि तिच्यावर एक दीर्घ निबंध लिहिला. तो आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकवत आलो आहोत. बोटीचे नाव 'झेनिथ'. त्याने ते 'नेदिर' केले, खस्वस्तिकाचे अधःस्वस्तिक! प्रवाशाचे इतके लाड पुरवायचे की त्याला स्वतः काही करण्याची गरजच उरू नये, आणि या लाडांच्या तळाशी मृत्यूची भीती दडलेली असते, हे त्याचे निरीक्षण. असे काही आपणही मराठीत लिहावे, ही (उसनी) महत्त्वाकांक्षा घेऊन आम्ही बॅलार्ड पिअरला पोहोचलो.

सामग्रीची वानवा नव्हती. ताटात पाणीपुरीशेजारी पास्ता, तरणतलावाकाठी कानठळ्या बसवणारी गाणी. वही भरू लागली. मग जीवरक्षक जाकिटांचे प्रात्यक्षिक झाले. मंडळी एकमेकांची छायाचित्रे काढण्यात दंग होती. आत्या मात्र पट्टा कुठून ओवतात, शिट्टी कुठे असते, हे एकाग्रतेने पाहत होती. शेवटी तिने त्या खलाशी पोराला विचारले, "अशी सगळ्यांना पुरतील एवढी आहेत ना रे?"

आम्ही वही मिटली.

१७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत आमचे आजोबा होते. देह मिळाला नाही. आजीने बारा वर्षे कुंकू पुसले नाही. आमच्या घरी मनाचे श्लोक रोज म्हटले जात. पण ते रचणाऱ्याला आम्ही 'समर्थ' म्हणायचो. दुसरे नाव उच्चारायचे नाही, असा नियम कोणी घातल्याचे आठवत नाही. तो पाळला मात्र सर्वांनी. आत्या तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे जन्मभर ती अलिबागला गेली ती पेणमार्गे, एस.टी.ने. समोर दिसणाऱ्या किनाऱ्याला केवढा तो वळसा!

हे सारे आम्हांला लहानपणापासून ठाऊक होते, आणि तरी तिकिटे काढताना आम्हांला आठवला तो वॉलेस.

सूर्यास्ताच्या सुमारास बोट हलली. आत्या डाव्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. "काशाचा खडक कुठं?" तिने विचारले. आग्नेयेकडे धूसर होत चाललेल्या किनाऱ्याकडे आम्ही अंदाजानेच हात केला. तिथे खडक होता की नुसती सावली, देव जाणे. आमच्या पाठीमागे नाचगाण्याला ऊत आला होता. तिने हात जोडले नाहीत की डोळ्यांना पदर लावला नाही. बराच वेळ ती तशीच उभी होती.

"एवढ्या मोठ्या बोटीत पाणी कळतच नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाबांना पोहता येत होतं. तुला कोणी सांगितलं नसेल."

नव्हतेच सांगितले. एवढ्या वर्षांत आम्हीही विचारले नव्हते. यावर काय बोलावे, ते सुचले नाही.

रात्री तिने केबिनच्या कपाटातून जाकीट काढले आणि पायथ्याशी घेऊन झोपली.

सकाळी बोट मुरगावला लागली. न्याहारीला तिने दोन इडल्या खाल्ल्या, वर चहा घेतला. परतीचा प्रवास कोकण रेल्वेने करू या का, असे आम्ही भीत भीत विचारले.

"का?" ती म्हणाली. "बोटीला काय झालंय?"