नानाच्या अंगठ्याखालून इटली

वैशाखऱ्यातून इटलीकडे बघायचं तर आधी मान वर करावी लागते. समोर सह्याद्रीची भिंत, तिच्यात उभा नानाचा अंगठा आणि त्याच्या कडेला नाणेघाटाची खिंड. शनिवार-रविवारी कल्याणहून येणाऱ्या एसटीतून ट्रेकर उतरतात, दोन-तीन तास चढतात, पावसाळा असेल तर उलट्या धबधब्याची रील करतात आणि संध्याकाळी परत जातात. मी भिवंडीच्या एका गोदामात पार्सलं स्कॅन करतो. तिथं कुणी गाव विचारलं की मी ‘माळशेजच्या अलीकडे’ असं सांगतो. वैशाखरे म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘हे कुठं आलं?’

तर हे कुठं आलं, ते इटलीच्या बाजूनं सांगतो.

दोन हजार वर्षांपूर्वी ही खिंड म्हणजे हायवे होता. कल्याण, सोपारा या बंदरांतून निघालेला माल इथून वर चढायचा आणि जुन्नरमार्गे पैठणला जायचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक माणसानं खलाशांसाठी ‘पेरिप्लस’ नावाची गाइड लिहिली. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय घ्यावं, कुठं सांभाळून राहावं, असं सगळं त्यात आहे. कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन आहे आणि पसंती इटलीच्या वाइनला, असं त्यानं नोंदवलंय. शिवाय तांबं, कथील, पोवळी, काच, सोन्याचांदीची नाणी. इकडून काय जायचं? हस्तिदंत, अकीक, मिरी आणि सुती कापड.

रोममधल्या प्लिनीला हे आवडलं नव्हतं. हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स खेचून घेतो, अशी तक्रार त्यानं लिहून ठेवली आहे. हाच प्लिनी इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला आणि तिथंच मेला. त्या राखेत पाँपेई हे अख्खं शहर गाडलं गेलं. पुढच्याच वर्षी रोममध्ये कलोसियमचं उद्घाटन झालं.

पाँपेईच्या राखेतून 1938 मध्ये एक हस्तिदंती बाई निघाली. साधारण वीतभर उंची, अंगावर दागिनेच दागिने, शैली पूर्ण भारतीय. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडलेली हस्तिदंती मूर्ती तिच्याशी इतकी जुळते की ती दख्खनमध्ये घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात. तिच्यावर कोरलेल्या खरोष्ठी अक्षरामुळे काहींची नजर वायव्येकडे जाते. मी अर्थातच भोकरदनच्या बाजूनं आहे. उलट दिशेनं आलेला पाहुणा बघायचा असेल तर कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणताना सापडलेला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये उभा आहे.

इटलीत गेलात तर कलोसियमपाशी सेल्फी काढालच, पण मला बघायचा आहे तो रस्ता. रोमहून दक्षिणेकडे जाणारा व्हिया अ‍ॅपिया इ.स.पू. 312 मध्ये बांधायला घेतला. पुढं तो ब्रिंडिसी बंदरापर्यंत गेला. त्याचे दगड अजून जागेवर आहेत आणि 2024 मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. बांधणाऱ्या अ‍ॅपियसचं नाव रस्त्याला आहे. आमच्या घाटात वरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, कोणत्या यज्ञात किती गाई, हत्ती, घोडे, कार्षापण दान दिले त्याचा. तिथं राजघराण्याचे पुतळेही होते. पुतळे गेले, काहींची फक्त पावलं उरलीत, पण वरची नावं राहिली. ती वाइन आणि ते कापड ज्यांनी पाठीवरून या पायऱ्यांनी चढवलं-उतरवलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव तिथं नाही. बाबा सीझनला ट्रेकर लोकांबरोबर वर जातात. सॅक उचलायचे वेगळे पैसे मिळतात. वरचा दगडी रांजण जकातीचा, त्यात नाणी टाकायचे, असं तेच सगळ्यांना सांगतात. मला विचाराल तर एवढी चढण चढून आलेल्याला आधी पाणी लागत असणार.

माझी चुलत बहीण सहावीत आहे. तिला शाळेतून ‘युरोपातील एका देशाची ओळख’ असा प्रकल्प मिळाला. तिनं इटली घेतला, बुटाचा आकार काढायला सोपा म्हणून. पिझ्झा, पिसाचा मनोरा, मोनालिसा असं तिनं भराभर लिहून काढलं. (मोनालिसा लिओनार्दोची खरी, पण ती राहते पॅरिसला.) मग म्हणाली, “दादा, आपल्याकडं काय हाय? एक घाट.” एवढ्यावरून मी तिला पिसाचाच दुसरा लिओनार्दो सांगितला, फिबोनाची. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतल्या बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांसाठी जकातीचं काम बघायचे. पोरगा तिथं हिंदुस्थानी अंक शिकला आणि 1202 मध्ये त्यानं ‘लिबेर अबाची’ लिहून ते इटलीला शिकवले. तेव्हा पिसाचा मनोरा तिसऱ्या मजल्यावर अडकून आधीच कलला होता. फ्लॉरेन्सच्या सराफांनी तर 1299 मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला बंदी घातली होती. त्या अंकांचे फार जुने पूर्वज आमच्या गुहेत कोरलेले आहेत. शून्य नाही, दहाला आणि शंभराला वेगळ्या खुणा, तरी अंकच. तिनं वही बंद केली आणि गुहा बघायला कधी नेतोस, असं विचारलं.

गॅलिलिओ, बॅटरीवाला व्होल्टा, रेडिओवाला मार्कोनी हे तिच्या पुस्तकात होतेच, त्यांना माझी गरज नव्हती. मी तिला यशवंत घाडगे सांगितले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगननं त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मारले किंवा जायबंदी केले. घाडगे एकटे त्या मोर्चावर धावून गेले. गोळ्या संपल्या, पट्टी बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगं नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. त्यांच्या आठवणीत 2023 मध्ये मोंतोने गावात सूर्याच्या सावलीवर चालणारं घड्याळ उभारलं.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तिथं घाट हाय का रं?”

मी मोंतोनेचा फोटो काढून मोबाइल त्यांच्या हातात दिला. टेकडीच्या माथ्यावर वसलेलं दगडी गाव. बाबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि वर जाणारी वाट कुठून निघते ते शोधत बसले.