भिवंडी ते न्यूअर्क : अंतर किती?

मुंबई ते न्यूअर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमान मिळालं तर जायला १५-१६ तास, यायला तास-दीड तास कमी. कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. जाताना समोरून, येताना पाठीशी. सोपं गणित आहे.

पण आम्ही पडलो भिवंडीकर! सहारचं विमानतळ इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. गोदामांचे ट्रक माणकोलीला अडकले की त्याला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून आमच्याकडे अंतर किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. तिची एकुलती एक मुलगी न्यूजर्सीत. आमच्याकडे पहाटेचे चार, तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. लगेच सगळे हिशोबाला बसलो. तिने रात्रीचं थेट विमान पकडलं तरी मुंबईत उतरायला रात्रीचे दहा-साडेदहा. इमिग्रेशन, सामान, रस्ता... घरी मध्यरात्र. म्हणजे अंत्यविधी दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यात थेट तिकीट मिळेना. दुबईमार्गे आलं तर आणखी सहा-सात तास.

थांबायचं का? घरात दोन तट पडले. बर्फाची पेटी सांगायची इथपर्यंत बोलणं आलं. शेवटी तिनेच फोनवर सांगितलं, "दादा, थांबू नका. आईने मला आधीच बजावलंय." मावशीने आम्हालाही हसत हसत म्हटलं होतं, "लेकीसाठी मला ताटकळत ठेवू नका रे!" तेव्हा आम्ही विषय बदलला होता.

सगळं तिने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. दहाव्याच्या आधी पोचली.

तेव्हापासून एक विचार डोक्यात आहे. एअर इंडियाचं विमान न्यूयॉर्कला पहिल्यांदा गेलं १९६० साली, लंडनमार्गे. मुंबईहून थेट न्यूयॉर्क सुरू झालं २००७ च्या ऑगस्टमध्ये. साठच्या दशकात परदेशी गेलेल्या मुलाला तार जायची, मग पत्र. तो पोचणारच नाही हे दोन्हीकडे ठाऊक असायचं. दुःख होतं, पण थांबायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. विमानं वेगवान झाली, पोचणं जवळजवळ शक्य झालं, आणि या 'जवळजवळ'ने प्रश्न उभा केला. आता कुणीतरी 'हो' किंवा 'नाही' म्हणावंच लागतं, तेही पहाटे चार वाजता.

मावशीने ते ओझं आमच्यावर टाकलं नाही, हे तिचे उपकार.

असो. तुमच्याही घरचं कुणी दूर असेल, तर वडीलधाऱ्यांनी हा विषय काढल्यावर टाळू नका. ऐकून घ्या.