पिस्तूल कोणतं घ्यावं?

आमच्या खानदानात अर्ज लिहिण्याचं खातं माझ्याकडे आहे. उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर घरात असला की लोक दुसरीकडे कशाला जातील? रेशनकार्डात नाव वाढवायचं, वारसाचा फेरफार, पासपोर्टच्या फॉर्ममधलं स्पेलिंग, वक्फच्या जागेचा तक्रार अर्ज असं सगळं माझ्याकडे येतं. गेल्या वर्षी मात्र एक वेगळा अर्ज आला, शस्त्रपरवान्याचा. अर्जदार होते माझे हमजुल्फ, मराठीत म्हणायचं तर साडू. कापसाचे व्यापारी आहेत. हंगामात भोकरदन, राजूर भागातल्या खेड्यांत खरेदी करतात आणि अंधार पडल्यावर परत जालन्याला येतात. गाडीत कधी रोकड असते. फॉर्म बाजूला ठेवून त्यांनी मोबाईलवरचे फोटो पुढे केले आणि विचारलं, "मास्टर, परवाना मिळेल तेव्हा मिळेल. यातलं कोणतं घ्यावं ते सांगा. छोटं पाहिजे, कमरेला दिसायला नको."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मशवरा मागणाऱ्याला माहीत नाही म्हणून परत पाठवायची माझी सवय नाही. पुढचे आठ-दहा दिवस मी वाचत होतो, एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याशी बोललो, परवाना असलेल्या दोघांना भेटलो. आपल्या भागात असा प्रश्न पडलेले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी ते इथे लिहितो.

आधी बाजारात काय मिळतं ते. सैन्य आणि पोलीस वापरतात ती नऊ मिलिमीटरची पिस्तुलं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. आपल्या वाट्याला प्रामुख्याने येतो तो बत्तीस बोअर. सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांचं जुनं, सगळीकडे दिसणारं हत्यार म्हणजे कानपूरचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्या, वजन पाऊण किलोच्या आतबाहेर, आणि गोळ्या भरायच्या तर ते वरून मोडून उघडावं लागतं, जुन्या इंग्रजी वेब्लीसारखं. त्याच घरातलं हलकं भावंड म्हणजे 'निर्भीक'. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर, २०१४ च्या सुरुवातीला, स्त्रियांसाठी म्हणून ते आणलं गेलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन पाचशे ग्रॅम. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या बाईला रात्री बसस्टँडवरून एकटीने घरी जावं लागतं तिला ते परवडणार नव्हतं, हे तेव्हाही अनेकांनी बोलून दाखवलं. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आणलं. यात गोळ्यांचं चक्र बाजूला सरकतं, त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं. वजन सुमारे सातशे ग्रॅम, आणि पल्ला पन्नास मीटरपर्यंत असल्याचं कंपनी सांगते. चौथा पर्याय म्हणजे बंगालमधल्या कारखान्यांचं बत्तीसचं पिस्तूल, 'अशनी'. चपटं असतं, कपड्याखाली रिव्हॉल्व्हरच्या पोटासारखं फुगत नाही, आणि मॅगझिनमध्ये सहाऐवजी आठ गोळ्या बसतात. साडूभाईंचं मन यावर होतं.

दोन्हींना बत्तीसच म्हणतात, पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. तेव्हा आज एक आणि उद्या दुसरं असं मनात असेल तर ते आधीच ठरवलेलं बरं. दुसरी गोष्ट मला त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी समजावली. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहा घरं डोळ्यांना दिसतात, भरलेली की रिकामी ते कळतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीच्या तोंडाशी बसलेली असू शकते. स्लाइड मागे ओढून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं, अशा समजुतीने माणसं मरतात. तिसरी गोष्ट, हत्यार जितकं छोटं आणि हलकं तितका त्याचा झटका हाताला जास्त, आणि नळी आखूड म्हणून नेम अवघड. लपवायला सोपं ते चालवायला कठीण. त्याला सराव लागतो. आणि आमच्या जालन्यात कापसाच्या व्यापाऱ्याने दर आठवड्याला सराव कुठे करायचा? परवान्यावर गोळ्याही मोजून मिळतात, आणि त्यांचा हिशेब द्यावा लागतो.

म्हणून मी त्यांना सांगितलं, घ्यायचंच असेल तर पिस्तूल नको, साधं रिव्हॉल्व्हर घ्या. निवडीचा प्रश्न इथे संपायला हवा होता. पण तो इथे खरा सुरू झाला.

"छोटं पाहिजे, दिसायला नको" असं ते म्हणाले होते. मला वाटलं होतं, लपवून बाळगणं हे बेकायदा असेल. उलट निघालं. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक जागी हत्यार न्यायचं असेल तर ते होल्स्टरमध्ये, अंगावरच्या कपड्यांत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. ते दाखवत फिरायला मनाई आहे. २०१९ मध्ये कायदा दुरुस्त झाला, तेव्हा लग्नात-मिरवणुकीत हर्षोल्हासाने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. म्हणजे कायद्याच्या नजरेत परवाना ही जीव वाचवण्याची गुपचूप परवानगी आहे.

आणि आपल्या मराठवाड्यात त्याचं काय झालंय? शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडा पुढे आणला की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने आहेत, तर शेजारच्या परभणीत अवघे काही डझन. कमरेला पिस्तूल लावलेले, हवेत गोळ्या झाडणारे व्हिडिओ फिरू लागले. मग प्रशासनाने शंभराहून जास्त परवाने रद्द केले. त्या सरपंचांना गोळी घालून मारलं नव्हतं. पण ज्या दहशतीत ते घडलं, तिचा एक खांब हा कमरेला दिसणारा दस्ता होता, हे सगळ्यांना कळलं. जे झाकायचं म्हणून दिलं ते दाखवायला वापरलं गेलं.

साडूभाई दाखवणाऱ्यांतले नाहीत. त्यांची भीती खरी आहे. त्यामुळे त्यांच्या भीतीलाच धरून मी विचारलं, "राजूरच्या रस्त्यावर मोटारसायकल आडवी लावून दोघे उभे राहिले, तर तुमच्या हातात स्टिअरिंग असणार. पिस्तूल कुठे असणार?" कपड्याखाली, पट्ट्याखाली, सीटबेल्टच्या मागे. पहिला वार नेहमी समोरच्याचा असतो, कारण वेळ त्याने ठरवलेली असते. बाबा सिद्दीकी यांच्यावर १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांना पोलीस संरक्षण होतं. शिकलेल्या, हत्यारबंद माणसाला जिथे वेळ मिळत नाही तिथे आमच्या साडूभाईंना कसा मिळावा?

आणि आपल्या हातातलं हत्यार आपल्याशी कसं वागतं, तेही पाहिलं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात घुसली. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरमध्ये जमिनीच्या वादातून चक्क पोलीस ठाण्याच्या केबिनमध्ये गोळीबार झाला. आरोप एका आमदारावर होता आणि हत्यार परवान्याचं होतं. यातला पहिला प्रसंग निष्काळजीपणाचा, दुसरा रागाचा. दरोडेखोर या दोन्हींत नाही. आपल्या व्यापाऱ्यांच्या आयुष्यात दरोडेखोर एकदा येईल की नाही सांगता येत नाही, पण भागीदाराशी, भावकीशी, बांधावरच्या शेजाऱ्याशी रागावण्याचे प्रसंग महिन्याला दोन येतात.

एवढं सगळं आम्ही पुरुष बोलत होतो. आपांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, चहा ठेवता ठेवता एकच विचारलं, "रात्री ते कुठं ठेवणार?" घरात तीन नातवंडं आहेत. हत्यार एका कपाटात आणि गोळ्या दुसऱ्या कपाटात, दोन्हींना कुलूप, असं ठेवलं तर चोर आल्यावर दोन किल्ल्या शोधाव्या लागतील. उशाखाली ठेवलं तर पहिला हात सहा वर्षांच्या नातवाचा लागेल. जो जिथे सुरक्षित ठेवेल त्याला ते वेळेवर मिळणार नाही, आणि ज्याला वेळेवर मिळेल त्याने ते सुरक्षित ठेवलेलं नसेल. कानपूरच्या कोणत्याही मॉडेलमध्ये याचं उत्तर नाही.

सासूबाईंची भीती निराळी होती. त्यांनी पोलीस ॲक्शनच्या गोष्टी थोरांकडून ऐकलेल्या. २००६ साली औरंगाबादचं शस्त्रसाठा प्रकरण गाजलं, तेव्हाचे दिवसही त्यांनी पाहिलेत. ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, अशा घरांतही तेव्हा रात्री गाडी थांबली की लोक खिडकीतून बघायचे. त्या म्हणाल्या, "कागद असला तरी आपल्या घरात हत्यार सापडलं, असंच म्हणतील." मी त्यांना समजावलं की कायदा सगळ्यांना एक आहे, जिल्हाधिकारी परवाना देतात, पोलीस चौकशी करतात, लपवाछपवी काही नाही. हे खरंच आहे. पण मी हेही जाणतो की कमरेला पिस्तूल लावलेल्या तरुणाचा फोटो व्हायरल होतो, तेव्हा त्याचं नाव वाचून लोक वेगवेगळं वाचतात. कुणाला 'दादा' म्हणतात, कुणाला दुसरं काही. हे बरोबर नाही, पण आमच्या पोरांनी ते माहीत नसल्यासारखं वागणंही बरोबर नाही. माझ्या वर्गातला एखादा मुलगा गावठी कट्ट्याची रील बघताना दिसला की मी त्याला नैतिकतेचा धडा देत नाही. विनापरवाना हत्याराची कलमं आणि त्यातली वर्षं फळ्यावर लिहून बेरीज करायला लावतो.

दीनच्या अंगाने एक गोष्ट मला आठवली, ती मी त्यांना सांगितली. हदीसमध्ये येतं की एक माणूस बाण घेऊन मशिदीतून चालला होता, तर पैगंबर साहेबांनी (स.) त्याला बाणांची टोकं हातात धरायला सांगितलं. बाण बाळगू नकोस असं म्हटलं नाही. कुणाला लागू नये याची जबाबदारी मात्र बाळगणाऱ्यावर टाकली. नंग्या तलवारीची देवघेव करायलाही मनाई आलेली आहे. बाळगणाऱ्याने आधी दुसऱ्याच्या अंगाचा विचार करायचा, एवढं त्यात स्पष्ट आहे.

आम्ही शेवटी काय ठरवलं ते सांगतो. सगळी खरेदी बँकेतून करायची. ज्या शेतकऱ्याला रोखच हवी त्याला दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी द्यायची. संध्याकाळी परतताना दोन गाड्यांनी यायचं. गाडीत पैसे नसतात, हे गावागावांत सगळ्यांना कळू द्यायचं. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पिस्तूल आहे हे झाकावं लागतं, पैसे नाहीत हे उघड सांगता येतं. या हंगामात ते असेच फिरले. परवान्याचा अर्ज त्यांनी तूर्त दिलेला नाही. पुढे देणारच नाहीत, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या जिवाला नाव घेऊन धमकी आलेली आहे, त्याचं गणित वेगळं असतं आणि कायद्याने त्याच्यासाठी दार ठेवलेलं आहे.

तुमच्यापैकी कुणी अर्ज करणार असेल तर एवढं माहीत असू द्या. वय एकवीस पूर्ण लागतं. वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. परवाना आता पाच वर्षांसाठी असतो, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. आणि अर्जात एक रकाना असतो, परवाना कशासाठी हवा. तो भरायला माझ्यासारख्या मास्तरला देऊ नका. घरातल्या बायकांसमोर बसून, स्वतःच्या हाताने भरा.