४० पायऱ्यांचा ट्रेक

शुक्रवार आला की फ्रेंड्सच्या ग्रुपवर प्लॅन्स सुरू होतात. कुणी राजमाची, कुणी अलिबाग. माझा ट्रेक मात्र रोजचा आहे, तोही दिवसातून तीनदा! सुरुवात आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या उंबऱ्यापासून, शेवट शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. तुम्हाआम्हाला पाच मिनिटं पुरतात. माझ्या पार्टनरला नुसता जिना उतरायलाच सात लागतात.

पार्टनरचं नाव बर्फी. जात लॅब्रेडॉर, वय १२, आवडता पदार्थ दुसऱ्याच्या ताटातला कुठलाही. माझ्या दहावीच्या निकालाचं हे बक्षीस. तेव्हा ती माझ्या दप्तरात मावायची.

आता जरा जिन्याची ओळख. हे मैदान १९२५ साली ‘माहीम पार्क’ म्हणून खुलं झालं आणि १९२७ मध्ये त्याला शिवरायांचं नाव मिळालं. पुढच्या काही वर्षांत भोवती तळमजला अधिक दोन मजल्यांच्या बिल्डिंगा उभ्या राहिल्या. आमची त्यातलीच. गोलाकार बाल्कन्या, मोझेकच्या पायऱ्या, सागवानी कठडा. आर्किटेक्चरची मुलं ‘आर्ट डेको, आर्ट डेको’ करत फोटो काढून जातात. फोटोत लिफ्ट दिसत नाही, कारण ती नाहीच. इतक्या वर्षांच्या वर्दळीने पायऱ्या गुळगुळीत झाल्यात. माणूस कठडा धरतो. चार पायांच्या जिवाने काय धरायचं?

खरं सांगायचं तर मला उशिरा कळलं. बर्फी वरच्या पायरीवर उभी राहून नुसती बघत बसायची. मी म्हणायचे, नाटकं! चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायची, सशासारखे. आम्ही हसायचो. झोपून उठली की पहिली चार पावलं लंगडायची. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. आणि मग जुलैतल्या एका संध्याकाळी ओल्या जिन्यावर तिचा पाय सटकला. चार पायऱ्या घसरत ती खाली गेली. हाड मोडलं नाही, पण भीतीने तिला तिथेच शू झाली आणि ती माझ्याकडे बघेना. त्या रात्री मी जेवले नाही.

परळला प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. निदान संधिवात. सांध्यातली गादी झिजलीय, ती परत येणार नाही, पण दुखणं नक्की कमी करता येईल, असं त्यांनी समजावलं. त्यांचं एक वाक्य डोक्यात बसलंय. कुत्रं दुखतं म्हणून ओरडत नाही, ते फक्त एकेक गोष्ट करायचं सोडून देतं.

पहिला नियम वजनाचा. ३२ किलोची बर्फी आता २९ वर आलीय. ताटातली पोळी बंद! (याचा त्रास तिच्यापेक्षा बाबांना जास्त झाला.) दुसरा नियम, बाबांच्या गुडघेदुखीची गोळी तिला चुकूनही द्यायची नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीही जाऊ शकते. औषध फक्त प्राण्यांच्या डॉक्टरांनी दिलेलंच.

मग जिन्याकडे मोर्चा वळवला. सेक्रेटरी काकांची परवानगी काढून प्रत्येक पायरीवर खरखरीत अँटी-स्लिप पट्ट्या चिकटवल्या. मधल्या वळणावर दिवा लावला. तिची नखं कापली, पंजातले वाढलेले केसही, कारण त्यांनीच पाय जास्त घसरतो. जिना धुवायच्या आधीच आम्ही बाहेर पडतो. बेल वाजली की ती एकटीच खाली धावू नये म्हणून दाराला लहान मुलांसाठी असतं तसं छोटं गेट बसवलं.

सुरुवातीला मागच्या पायांच्या पुढे, पोटाखालून जाड टॉवेल घालून आधार द्यायचे. आता पाठीवर हँडल असलेला हार्नेस आणलाय. उतरताना मी तिच्या एक पायरी खाली, चढताना मागे, म्हणजे तोल गेलाच तर ती माझ्यावर येईल. उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो, त्यामुळे घाई अजिबात नाही. प्रत्येक वळणावर हॉल्ट. पहिल्या मजल्यावरच्या आजीही आता तिथेच आमच्यासोबत टेकतात. ‘तुझ्या बर्फीमुळे माझ्या गुडघ्यांचीही सोय झाली गं,’ म्हणाल्या.

गेल्या महिन्यात सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. टॉवर, पोडियम, चकाचक दोन लिफ्ट. बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘फक्त चार वर्षांचा प्रश्न आहे.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हिशेब करत बसले. लॅब्रेडॉरचं आयुष्य साधारण १० ते १२ वर्षांचं. आमची बर्फी आधीच बोनसवर आहे. ती लिफ्ट तिच्यासाठी नाही. तिच्या वाट्याला हाच जिना आहे, म्हणून तोच आज नीट करायला हवा. चार वर्षांनी नाही.

कधीतरी ती एक पायरीही उतरू शकणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा उचलून न्यावं लागेल. त्यासाठी मी जिम लावलंय. ट्रेनर विचारतो, ‘मॅडम, टार्गेट काय?’ मी सांगते, २९ किलो, ४० पायऱ्या.

तुमच्या घरी कुणी म्हातारं चारपायी असेल, तर या वीकेंडला एवढंच करा. जिन्याच्या तोंडाशी ते किती वेळ थबकतं ते बघा. त्याला नाटक म्हणू नका.

चला, संध्याकाळचे सहा वाजले. बर्फी दारात येऊन उभी आहे. कट्ट्यावर दादर चौपाटीकडून वारा येतो, तो तिला फार आवडतो. तिकडे पोचेपर्यंत आम्हाला थोडा वेळ लागेल.